नजरेसाठी लिहिलेले नियम, कॅमेऱ्यानं घेतलेली मापं : बेसबॉलमधल्या रिप्लेची दुसरी बाजू



आज ज्या खेळाविषयी मी बोलणार आहे, तो आपल्याकडे फारसा खेळला जात नाही. बेसबॉल अमेरिकेत, जपानमध्ये, कॅरिबियन बेटांवर रुजलेला खेळ. पण २००८ सालापासून त्या खेळात जो एक प्रयोग चालला आहे, त्यातला प्रश्न क्रिकेट पाहणाऱ्या कुणालाही परका वाटणार नाही. मैदानावरच्या अंपायरनं दिलेला निर्णय मागाहून चित्रण पाहून बदलावा का, आणि बदलायचा तर किती खोलात शिरून? अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलनं या प्रश्नाला जे उत्तर दिलं, त्याचे फायदे सगळ्यांना दिसतात. तोटे मात्र ‘खेळ रेंगाळतो’ या एकाच तक्रारीखाली झाकले गेले आहेत, आणि माझ्या मते ती तक्रार त्यातली सर्वांत किरकोळ आहे. बेसबॉलचे नियम माणसाच्या नजरेला पेलेल अशा मापानं लिहिले गेले. ते कॅमेऱ्याच्या मापानं तपासायला लागलो की निर्णय अधिक अचूक झाल्यासारखे वाटतात. प्रत्यक्षात त्या तपासणीत नियमच बदलून जातो. हा बदल कुणी चर्चा करून, मान्यता घेऊन केलेला नसतो. रिप्लेचे बहुतेक तोटे या एका गोष्टीतून निघतात, हे मला आज पुराव्यानिशी मांडायचं आहे.

खेळाची ओळख थोडक्यात करून देतो. मैदानावर चौकोनाच्या चार कोपऱ्यांत चार बेस असतात, लागोपाठच्या दोन बेसमध्ये ९० फुटांचं अंतर. पिचर चेंडू टाकतो, फलंदाज तो मारतो आणि पहिल्या बेसकडे धाव घेतो. जमिनीवरून गेलेला चेंडू क्षेत्ररक्षकानं उचलून फेकला आणि तो फलंदाजाच्या आधी पहिल्या बेसवरच्या खेळाडूच्या ग्लव्हमध्ये पोचला, तर फलंदाज आउट. नाही तर सेफ. काही प्रसंगी धावपटूला चेंडू धरलेल्या ग्लव्हनं स्पर्श करावा लागतो, त्याला टॅग म्हणतात. तीन खेळाडू आउट झाले की दुसऱ्या संघाची फलंदाजी सुरू होते, आणि अशा नऊ इनिंग खेळल्या जातात. नेहमीच्या सामन्यात चार अंपायर असतात. पहिल्या बेसवरच्या अंपायरची रीत समजून घेण्यासारखी आहे. तो नजर बेसवर आणि धावपटूच्या पावलावर खिळवून ठेवतो आणि चेंडू ग्लव्हमध्ये आदळल्याचा आवाज कानानं टिपतो. पाऊल आधी की आवाज आधी, यावर त्याचा हात वर जातो किंवा दोन्ही हात आडवे पसरतात. खेळाडू, प्रेक्षक आणि नियम करणारे, सगळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ‘आधी’ आणि ‘नंतर’ या शब्दांचा अर्थ याच मापानं घेतला होता.

या व्यवस्थेत रिप्ले दोन टप्प्यांत आला. ऑगस्ट २००८ मध्ये त्याला परवानगी मिळाली ती फक्त होम रनच्या, म्हणजे चेंडू थेट सीमेपलीकडे मारण्याच्या, निर्णयांपुरती. चेंडू कुंपणापलीकडे गेला का, सीमेवरच्या उंच खांबाच्या आतून गेला की बाहेरून, एखाद्या प्रेक्षकानं मध्येच हात घातला का, एवढेच प्रश्न त्यात तपासले जात. अशा निर्णयांतली चूक नवी नव्हती. १९९६ साली यांकी स्टेडियममध्ये बाल्टिमोरविरुद्धच्या प्लेऑफ सामन्यात एका बारा वर्षांच्या प्रेक्षकानं कुंपणावरून हात पुढे करून डेरेक जीटरनं मारलेला चेंडू आत ओढला आणि अंपायरनं होम रन दिला. ती चूक सगळ्या देशानं पाहिली होती. दुसरा टप्पा २०१४ चा. त्या वर्षीपासून संघाच्या मॅनेजरला निर्णयाला आव्हान देण्याचा हक्क मिळाला, आणि सेफ-आउट, टॅग, झेल असे कितीतरी निर्णय तपासणीच्या कक्षेत आले. मैदानावरचे अंपायर हेडसेट लावून उभे राहतात आणि न्यूयॉर्कमधल्या केंद्रात बसलेले दुसरे अंपायर अनेक कोनांतून चित्रण पाहून निकाल कळवतात. निर्णय फिरवायचा तर पुरावा स्पष्ट आणि खात्रीलायक हवा, अशी अट आहे. पहिल्या टप्प्यातला रिप्ले आणि दुसऱ्या टप्प्यातला रिप्ले यांत केवळ व्याप्तीचा फरक आहे असं मानलं जातं. तो फरक जातीचा आहे.

रिप्लेच्या बाजूचा सर्वांत भक्कम दाखला आधी त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडला पाहिजे. २ जून २०१० रोजी डेट्रॉइटच्या कोमेरिका पार्कवर आर्मांडो गॅलारागा या पिचरनं क्लीव्हलँडच्या लागोपाठ सव्वीस फलंदाजांना बेसपर्यंत पोचू दिलं नव्हतं. सत्ताविसावाही आउट झाला असता तर तो परफेक्ट गेम ठरला असता. मेजर लीगच्या तोवरच्या साऱ्या इतिहासात असे सामने फक्त वीस झाले होते. सत्ताविसावा फलंदाज जेसन डोनाल्ड. त्याचा चेंडू मिगेल काब्रेरानं अडवून पहिल्या बेसवर धावत आलेल्या गॅलारागाकडे फेकला. डोनाल्ड स्पष्टपणे मागे होता. जिम जॉइस या अनुभवी अंपायरनं मात्र त्याला सेफ दिलं. सामना संपल्यावर चित्रण पाहून जॉइसनं जाहीरपणे चूक कबूल केली, डोळ्यांत पाणी आणून. कमिशनर बड सेलिग यांनी निर्णय बदलला नाही, आणि तो परफेक्ट गेम नोंदवला गेलाच नाही. ज्या साधनानं हा अन्याय अर्ध्या मिनिटात दूर झाला असता, ते साधन का नाकारायचं, असा प्रश्न तेव्हा विचारला गेला. तो रास्तच होता. १९८५ च्या वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम मालिकेच्या, सहाव्या सामन्यात डॉन डेंकिंजर यांनी हॉर्हे ओर्टाला पहिल्या बेसवर सेफ दिलं, तीही चूक याच जातीची. अशा चुका दुरुस्त व्हायला हव्यात, याबद्दल माझं कसलंही दुमत नाही.

पण या दोन्ही चुकांचं स्वरूप पाहा. त्या पहिल्याच फेरप्रक्षेपणात, नेहमीच्या वेगानं पाहणाऱ्यालाही कळतात. अंपायरची नजर एका क्षणी चुकली, एरवी ती हे पाहू शकली असती. म्हणजे नियमाचं माप तेच राहिलं, फक्त ते मोजताना हात हलला. अशी चूक दुरुस्त करण्यासाठी उभारलेली यंत्रणा त्या चुकीपाशी थांबली असती तर आजच्या व्याख्यानाचं प्रयोजनच उरलं नसतं. ती थांबली नाही, कारण आव्हान देण्याचा हक्क एकदा हाती आला की संघ तो ढळढळीत चुकीसाठी राखून ठेवत नाही. जिथे फायदा मिळू शकेल तिथे तो वापरतो. चित्रण थांबवता येतं, मागे-पुढे नेता येतं, मोठं करून पाहता येतं. त्यामुळे मैदानावर कुणालाच न दिसलेल्या, कुणीही तक्रार न केलेल्या गोष्टी तपासणीच्या मेजावर येऊ लागल्या. कांदे-बटाटे सोनाराच्या काट्यावर तोलायला घेतले की वजन बिनचूक येतं, पण बाजार त्या वजनासाठी मांडलेला नसतो.

याचा पहिला पुरावा नव्या व्यवस्थेच्या पहिल्याच महिन्यात मिळाला. क्षेत्ररक्षक झेल घेतो आणि फेकण्यासाठी चेंडू ग्लव्हमधून दुसऱ्या हातात घेताना तो निसटतो. अशा वेळी झेल पूर्ण झाला आणि चेंडू नंतर पडला, असंच सगळे धरून चालत. २०१४ च्या हंगामाच्या सुरुवातीला मात्र चेंडू दुसऱ्या हातात पुरता येईपर्यंत झेल पूर्ण नाही, असा अर्थ लावला जाऊ लागला. चित्रण चौकट-चौकट करून पाहताना कुठेतरी एक ठाम, सगळ्यांना दाखवता येईल असा बिंदू हवा असतो, आणि फेकणाऱ्या हातातला चेंडू हा तसा बिंदू होता. परिणाम असा की पिढ्यान्‌पिढ्या जिथे खेळाडू आउट ठरत, तिथे ते सेफ ठरू लागले. खेळाडू आणि मॅनेजर चक्रावले, आणि एप्रिल संपायच्या आत लीगला हा अर्थ मागे घेऊन जुना अर्थ परत आणावा लागला. इथे कुणाचा हेतू वाईट नव्हता. तरीही तपासणीच्या सोयीनं नियमाला आपल्याकडे ओढून घेतलं, तेही काही आठवड्यांत.

त्या वेळी चूक उघड होती म्हणून ती सुधारली. बेसवरच्या स्पर्शाच्या बाबतीत तसं झालं नाही. धावपटू घसरत बेसवर येतो, टॅगच्या आधी पोचतो, सेफ ठरतो. घसरण्याच्या वेगामुळे त्याचं शरीर क्षणभर उचललं जातं आणि पाय किंवा हात बेसपासून बोटभर सुटतो. तेवढ्या क्षणात क्षेत्ररक्षकाचा ग्लव्ह त्याच्या अंगाला टेकलेला असेल, तर नियमाच्या अक्षराप्रमाणे तो आउट आहे. पण हे अक्षर रिप्लेच्या आधी या प्रसंगाला कुणी लावलंच नव्हतं, कारण तो क्षणभर सुटलेला स्पर्श कुणाला दिसत नव्हता. १२ ऑक्टोबर २०१७ रोजी वॉशिंग्टनमध्ये शिकागो कब्ज आणि नॅशनल्स यांच्या प्लेऑफ मालिकेचा पाचवा, निर्णायक सामना होता. आठवी इनिंग, नॅशनल्स ८-९ असे एका धावेनं मागे, दोघे आउट, दोन धावपटू बेसवर. पहिल्या बेसवरच्या होसे लोबाटोनकडे कॅचर, म्हणजे फलंदाजामागे बसणारा क्षेत्ररक्षक, विल्सन कॉन्ट्रेरासनं अचानक चेंडू फेकला. लोबाटोन वेळेत परतला. अंपायरनं सेफ दिलं. कब्जनी आव्हान दिलं. चित्रणात दिसलं की परतल्यावर लोबाटोनचा पाय क्षणभर बेसवरून उचलला गेला आणि तेव्हा अँथनी रिझोचा ग्लव्ह त्याच्यावर होता. निर्णय फिरला, इनिंग तिथेच संपली, आणि पुढे कब्जनी तो सामना ९-८ असा जिंकला. कॅमेऱ्यानं खोटं दाखवलं नाही, हे खरं. मुद्दा असा आहे की पिचर आणि कॅचर यांनी धावपटूला फसवावं, धावपटूनं चपळाईनं परतावं, ही जी स्पर्धा नियमाला अभिप्रेत होती, ती लोबाटोननं जिंकली होती. तो हरला ती वेगळीच स्पर्धा होती, आणि ती कॅमेऱ्यानं निर्माण केली होती. आज क्षेत्ररक्षक सेफ झालेल्या धावपटूच्या अंगावर ग्लव्ह दाबून ठेवतात, तो कधी सुटतो याची वाट पाहतात. नवं माप आलं की माणसं त्या मापासाठी खेळू लागतात.

नियम करणाऱ्यांना हा धोका ठाऊक नव्हता असंही म्हणता येत नाही. दुसऱ्या बेसवर दुहेरी आउट करताना क्षेत्ररक्षक बेसला नेमका स्पर्श न करता जवळून जायचा, म्हणजे घसरत येणाऱ्या धावपटूच्या धडकेतून तो वाचायचा. अंपायर धावपटूला आउटच देत. २०१४ मध्ये हा प्रकार मुद्दाम रिप्लेच्या कक्षेबाहेर ठेवला गेला. म्हणजे कॅमेऱ्यानं अक्षरशः तपासलं तर खेळाडूंचे पाय मोडतील, हे त्यांना माहीत होतं. पुढच्याच वर्षी नेमका असा प्रसंग घडला. १० ऑक्टोबर २०१५ रोजी लॉस एंजेलिसमध्ये डॉजर्सच्या चेस अटलीनं दुसऱ्या बेसवर मेट्सच्या रुबेन तेहादाला जोरानं धडक दिली. तेहादाचं पायाचं हाड मोडलं. अंपायरनं अटलीला आउट दिलं होतं आणि तो मैदानाबाहेर गेलाही होता. हा प्रसंग त्या सुटीत बसत नाही असं धरून चित्रण तपासलं गेलं. तेहादाचा पाय बेसला लागला नव्हता, असं दिसलं. बेसला तर अटलीनंही स्पर्श केला नव्हता. तरी चुकीचा आउट मिळाल्यामुळे त्याला परतून बेस गाठण्याची संधी राहिली नाही, असं धरून त्याला सेफ देण्यात आलं. डॉजर्सनी तो सामना जिंकला. पुढल्या हंगामात घसरण्याचा नवा नियम आला आणि आधीची सूट काढली गेली. त्या नव्या नियमात धावपटूचा प्रयत्न प्रामाणिक होता का, हे पाहायचं असतं. आणि संथ गतीचं चित्रण अशा प्रश्नात दिशाभूल करतं. संथ गतीत तीच कृती अधिक हेतुपुरस्सर भासते, असं अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवून दिलं आहे.

आता कॅमेऱ्याच्या अचूकतेकडेच वळू, कारण सगळा डोलारा तिच्यावर उभा आहे. नेहमीच्या प्रक्षेपणात सेकंदाला साधारण ६० चौकटी टिपल्या जातात. मेजर लीगमधला सर्वसाधारण धावपटू ऐन वेगात सेकंदाला सुमारे २७ फूट धावतो. म्हणजे एका चौकटीपासून दुसरीपर्यंत तो पाच इंचांहून अधिक पुढे गेलेला असतो. ताशी ८० मैल वेगानं फेकलेला चेंडू तेवढ्या वेळात जवळपास दोन फूट जातो. एका चौकटीत पाऊल बेसच्या वर आणि चेंडू ग्लव्हच्या बाहेर, पुढच्या चौकटीत दोन्ही पोचलेले. मधल्या क्षणी काय झालं ते कोणत्याही चौकटीत नसतं. अधिक वेगवान कॅमेऱ्यांनी ही फट कमी होते, पण मग दुसरा प्रश्न उभा राहतो. चेंडू चामड्याला टेकला तो क्षण धरायचा, तो ग्लव्हच्या खोलात बसला तो क्षण, की बोटं मिटली तो? कानाला हे तीन क्षण एकच ऐकू येतात. कॅमेऱ्याला ते वेगळे दिसतात आणि त्यातला कोणता धरायचा, हे शेवटी माणूसच ठरवतो. म्हणूनच तपासणीचे निकाल दोन न राहता तीन आहेत. निर्णय बरोबर ठरतो, चूक ठरतो, किंवा पुरावा पुरेसा नाही म्हणून कायम राहतो. तिसऱ्या निकालाचा अर्थ एवढाच की सगळी यंत्रणा कामाला लावून आपण जिथून निघालो तिथेच परत आलो. क्रिकेटनं निदान ही मर्यादा उघड मांडली आहे. चेंडूचा मार्ग दाखवणाऱ्या यंत्राच्या मापात चुकीला वाव धरावा लागतो हे मान्य करून पायचीतच्या निर्णयात ‘अंपायर्स कॉल’ ठेवला. बेसबॉलमध्ये प्रेक्षकाला मात्र असं वाटत राहतं की न्यूयॉर्कमधून आलेलं उत्तर म्हणजे सत्यच.

ते नेहमी सत्य नसतं, याचीही नोंद आहे. मे २०१३ मध्ये क्लीव्हलँडला ओकलँडच्या ॲडम रोझालेसनं नवव्या इनिंगमध्ये मारलेला चेंडू कुंपणावरच्या रेषेच्या वर आदळला होता. होम रन दिला असता तर बरोबरी झाली असती. अंपायरांनी चित्रण पाहिलं आणि तरीही होम रन नाकारला. दुसऱ्या दिवशी लीगच्या वतीनं जो टॉरी यांनी निर्णय चुकल्याचं मान्य केलं. तेव्हा अंपायर मैदानाजवळच्या पडद्यावर पाहत. केंद्रीय व्यवस्था त्यानंतरची आहे. त्यामुळे हा दाखला मी आजच्या केंद्राविरुद्ध वापरत नाही. चित्रण पाहणं म्हणजे निर्णय देणंच असतं आणि त्यात माणूस चुकू शकतो, एवढंच त्यातून घ्यायचं. शिवाय चित्रण जे घडलं ते दाखवतं, जे घडायचं राहून गेलं ते दाखवत नाही. अंपायरनं झेल दिला की बाकीचे धावपटू थांबतात, परततात, क्षेत्ररक्षक सैल पडतात. तपासणीत तो झेल नव्हता असं ठरलं, तर निर्णय चुकीचा नसता तर कोण कुठवर पोचला असता, याचा अंदाज अंपायरांना बांधावा लागतो आणि त्याप्रमाणे धावपटूंना बेसवर उभं करावं लागतं. एक अचूक उत्तर मिळवण्यासाठी दोन-तीन कल्पित उत्तरं द्यावी लागतात. मैदानावरच्या अंपायरलाही हे पक्कं ठाऊक असतं. त्यामुळे शंका असेल तिथे जे दिसलं ते सांगण्याऐवजी खेळ चालू राहील असा निर्णय देण्याचा मोह त्याला होणं स्वाभाविक आहे. अंपायरची पहिली निष्ठा आपल्या नजरेशी असायला हवी. ती तपासणीच्या सोयीकडे वळली की मूळ निर्णयाचंच मोल उतरतं.

सर्वांत मोठं नुकसान मात्र अशा ठिकाणी झालं, जिथे कुणाचं लक्षच नव्हतं. आव्हान द्यायचं की नाही हे मॅनेजरला ठरवता यावं, म्हणून प्रत्येक संघाला डगआउटजवळ, म्हणजे संघाच्या बसण्याच्या जागेजवळ, व्हिडिओ खोली मिळाली. तिथे सामन्याचं थेट चित्रण येतं, कर्मचारी ते पाहतात आणि फोनवरून सल्ला देतात. बेसबॉलमध्ये तेव्हा कॅचर बोटांच्या खुणांनी पिचरला कोणता चेंडू टाकायचा ते सुचवत असे. ती खूण आधी कळली तर फलंदाजाला केवढा फायदा होतो, हे सांगायला नको. मैदानावरून डोळ्यांनी ती ओळखणं हा खेळाचा जुना, मान्य भाग. यंत्रानं ओळखणं निषिद्ध. जानेवारी २०२० मध्ये कमिशनर रॉब मॅनफ्रेड यांनी ह्यूस्टन ॲस्ट्रोसविषयी जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात नमूद आहे की २०१७ च्या हंगामाच्या सुरुवातीला रिप्लेच्या खोलीतल्या कर्मचाऱ्यांनीच सेंटर फील्डच्या कॅमेऱ्याच्या थेट चित्रणावरून खुणा उलगडायला सुरुवात केली. पुढे डगआउटच्या मागे पडदा बसवून आणि कचऱ्याच्या डब्यावर ठोके देऊन फलंदाजाला इशारे देण्यापर्यंत मजल गेली. त्याच वर्षी ॲस्ट्रोस वर्ल्ड सिरीज जिंकले. शिक्षा झाली ती ५० लाख डॉलर दंड, दोन वर्षांचे पहिल्या आणि दुसऱ्या फेरीतले ड्राफ्टचे, म्हणजे नवे खेळाडू निवडण्याचे, हक्क रद्द, आणि जनरल मॅनेजर व मॅनेजर यांचं वर्षभराचं निलंबन. बॉस्टन रेड सॉक्सला २०१७ मध्ये ॲपल वॉचवरून खुणा पोचवल्याबद्दल दंड झाला, आणि २०१८ च्या हंगामातल्या गैरप्रकाराबद्दल त्यांच्या रिप्ले खोलीच्या चालकावर एप्रिल २०२० मध्ये कारवाई झाली. जिम जॉइसच्या चुकीनं एका पिचरचा एक विक्रम गेला. ती चूक टाळण्यासाठी दिलेल्या खोल्यांमुळे एका विजेतेपदावरचा विश्वास गेला. त्या खोल्यांचा दुरुपयोग हा माणसांचा दोष आहे, रिप्लेचा नाही, असं म्हणता येईल. पण केसाएवढ्या फरकासाठी आव्हान देता येतं म्हणूनच संघाला थेट चित्रणाची गरज पडली. आव्हान फक्त डोळ्यांना खटकलेल्या निर्णयापुरतं असतं, तर ही खोली लागलीच नसती. मार्च २०१७ मध्ये बंगळुरूच्या कसोटीत स्टीव्ह स्मिथनं रिव्ह्यू घेण्याआधी ड्रेसिंग रूमकडे पाहिलं, तेव्हा आपण सगळे किती खवळलो होतो, ते आठवा. क्रिकेटमध्ये जे निषिद्ध आहे, तीच बेसबॉलमध्ये रीतसर व्यवस्था आहे.

आता आक्षेपांना उत्तर देतो. पहिला आक्षेप आकड्यांचा. २०१४ या पहिल्या पूर्ण हंगामात जवळपास पावणेतेराशे तपासण्या झाल्या आणि त्यांतले सुमारे ४७ टक्के निर्णय बदलले. सहाशे चुका दुरुस्त झाल्या, आणखी काय हवं, असं विचारलं जातं. पण या आकड्यात दोन प्रकार एकत्र मोजलेले आहेत. पहिल्या नजरेत दिसणारी चूक आणि थांबवलेल्या चौकटीतच दिसणारा फरक या दोन्हींना तो सारखंच मोल देतो. दुसऱ्या प्रकारच्या निर्णयाला चूक म्हणणं हे माप बदलल्यावरच शक्य होतं. म्हणून बदललेल्या निर्णयांच्या संख्येवरून न्याय वाढला, असा निष्कर्ष थेट काढता येत नाही. दुसरा आक्षेप प्रेक्षकांचा. घरोघरी लोक मोठ्या पडद्यावर पुन्हा पुन्हा पाहतात. एकट्या अंपायरलाच ते पाहू न देणं म्हणजे त्याची फजिती करणं नाही का? हा आक्षेप ढळढळीत चुकीच्या बाबतीत मला पूर्ण मान्य आहे. पण घरी बसलेल्या प्रेक्षकाला बोटभर सुटलेला पायही दिसतो, म्हणून तो नियमाचा भाग व्हावा, हे पटण्यासारखं नाही. नियम प्रक्षेपणाच्या तंत्रामागे धावू लागला, तर दर काही वर्षांनी कॅमेरा बदलेल तसा खेळही बदलत जाईल.

तिसरा आक्षेप वेळेचा, आणि तो माझ्या बाजूनं केला जातो. तरी तो मी फार ताणणार नाही. २०१४ मध्ये एका तपासणीला सरासरी पावणेदोन मिनिटं लागली आणि तपासणीचं प्रमाण साधारण दोन सामन्यांमागे एक असं होतं. सामने लांबले त्याची कारणं मुख्यतः दुसरी होती, आणि २०२३ मध्ये पिचरसाठी घड्याळ आल्यावर नऊ इनिंगचा सामना सरासरी दोन तास चाळीस मिनिटांवर आला. वेळेचा मुद्दा मिनिटांच्या संख्येपेक्षा त्या मिनिटांच्या जागेचा आहे. तपासणी येते ती सामना ऐन रंगात असताना, आणि मॅनेजर आधी खेळ थांबवतो, मग फोनवरून विचारतो, मग ठरवतो. आव्हान देण्यासाठीची मुदत २०१७ मध्ये ३० सेकंद ठरली, पुढे २०, आणि २०२३ मध्ये १५. प्रत्येक कपातीतून एकच कबुली मिळते की आव्हान खात्रीतून येत नव्हतं, चित्रण पाहून आलेल्या हिशेबातून येत होतं.

चौथा आक्षेप सर्वांत वजनदार. तंत्र सुधारत जाईल. चेंडूचा माग काढणारी यंत्रं आता स्ट्राइक आणि बॉलसुद्धा, म्हणजे पिचरचा चेंडू मारण्याजोग्या टप्प्यातून (स्ट्राइक झोनमधून) गेला की नाही हेसुद्धा, ठरवू शकतात, मग मागे का जायचं? सप्टेंबर २०२५ मध्ये लीगनं २०२६ च्या हंगामासाठी स्ट्राइक-बॉलच्या निर्णयाला आव्हान देण्याची स्वयंचलित पद्धत मान्य केली. मला ही पद्धत माझ्या म्हणण्याच्या बाजूनं उभी असलेली दिसते. नियमपुस्तकात स्ट्राइक झोन होम प्लेटच्या, म्हणजे फलंदाजाजवळच्या बेसच्या, वर, खांदा आणि गुडघा यांच्या खुणांवरून सांगितला आहे. यंत्रासाठी तो उघडपणे नव्यानं आखावा लागला. त्याची वरची कड फलंदाजाच्या उंचीच्या ५३.५ टक्क्यांवर, खालची २७ टक्क्यांवर, आणि मोजणी प्लेटच्या मध्यावरच्या एका सपाट चौकटीत. वर्षानुवर्षं छोट्या लीगमध्ये चाचण्या झाल्या, चर्चा झाली, मग हे माप ठरलं. आव्हान देण्याचा हक्क फक्त फलंदाज, पिचर आणि कॅचर यांना आहे, तोही तत्काळ. डगआउटमधून मदत घ्यायला बंदी आहे. म्हणजे यंत्र आणायचं तर नियम यंत्राच्या मापात उघडपणे लिहावा लागतो, आणि दाद मागायची तर खेळाडूच्या स्वतःच्या नजरेतून मागावी लागते, या दोन्ही गोष्टी लीगला अनुभवातून कळल्या आहेत. बेसवरच्या निर्णयांच्या बाबतीत मात्र नियम जुन्याच मापात ठेवून तपासणी नव्या मापानं चालू आहे.

म्हणून माझं म्हणणं रिप्ले हटवा असं नाही. होम रनचा, कुंपणाचा, खांबाचा निर्णय चित्रणावर जरूर द्यावा; तिथे रेषा मैदानावर स्थिर असते आणि तिचा अर्थ कॅमेऱ्यानं बदलत नाही. सेफ-आउटचे निर्णय तपासायचे तर ते नेहमीच्या वेगानं चालवलेल्या चित्रणावर, एका मिनिटाच्या ठाम मर्यादेत तपासावेत. तेवढ्यात जी चूक दिसत नाही ती चूक म्हणून मोजू नये. सेफ पोचलेल्या धावपटूचा घसरण्याच्या भरात क्षणभर सुटलेला स्पर्श तपासणीतून वगळावा, किंवा तो आउटच ठरवायचा असेल तर तसा नियम सर्वांसमोर लिहावा. आणि आव्हानाचा हक्क मैदानावरच्या खेळाडूंकडे द्यावा, म्हणजे थेट चित्रणाच्या खोल्यांचं कारणच उरणार नाही. असं केलं तर डेंकिंजर आणि जॉइस यांच्यासारख्या चुका सुधारतील आणि लोबाटोनसारखा निकाल पुन्हा लागणार नाही.

खेळात अंपायरला आपण अधिकार देतो, तो त्याची नजर निर्दोष असते म्हणून देत नाही. दोन्ही बाजूंना सारख्याच अंतरावरून, सारख्याच मापानं पाहणारा कुणी हवा असतो, म्हणून देतो. त्याला मदत करणारं साधन आणताना आपण त्याचं माप तेच ठेवतो आहोत की बदलतो आहोत, हे आधी विचारायला हवं. बदलायचं असेल तर तेही वाईट नाही. पण ते खेळाडूंना सांगून, नियमात लिहून, सर्वांच्या संमतीनं बदललं पाहिजे. बेसबॉलनं हा प्रश्न उशिरा विचारला आणि त्याची किंमत मोजली. क्रिकेटमध्येही तपासणीची कक्षा दरवर्षी वाढवण्याची मागणी होत असताना, हा प्रश्न आपण आधीच विचारावा, एवढीच माझी विनंती आहे.